प्रथिनाची शेपटी आणि इचलकरंजीचे कापड

गुऱ्हाळावर काहिलीतला रस तापू लागला की गुळव्या त्यात रानभेंडीचे चिकट पाणी ओततो, रसातला गाळ त्या चिकाला धरून मळीच्या रूपाने वर येतो आणि ती मळी पुन्हा पुन्हा काढून टाकली जाते. करवीर तालुक्यातल्या आमच्या गावी हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. शुद्धीकरण म्हणजे नको असलेले धरायचे आणि बाहेर टाकायचे, अशीच त्या शब्दाची माझी पहिली समजूत होती. पुढे जीवरसायनशास्त्र शिकताना आणि आता ते शिकवताना ज्या कामात माझा सर्वाधिक वेळ गेला, त्यात नेमके उलटे करावे लागते: हजारो प्रथिनांच्या गर्दीतून हवे असलेले एकच प्रथिन धरायचे आणि बाकी सारे वाहून जाऊ द्यायचे. हे धरणे कशाच्या आधारावर होते, धरलेले प्रथिन एखाद्या पदार्थावर पक्के कसे बसवता येते, आणि ही दोन्ही कामे एकाच शेपटीने एकाच वेळी कशी उरकता येतात, याविषयी आज सविस्तर लिहायचे आहे. गेल्या दीड वर्षात या प्रश्नाने मला कोल्हापुरातल्या प्रयोगशाळेतून इचलकरंजीच्या मागांपर्यंत नेले.

प्रयोगशाळेत एखादे प्रथिन बनवायचे तर बहुतेक वेळा त्याचे जनुक ई. कोलाय या जिवाणूत घातले जाते. या जिवाणूची स्वतःची प्रथिने बनवणारी सुमारे ४,३०० जनुके आहेत, त्यामुळे पेशी फोडल्यावर हाती येणाऱ्या द्रवात आपले प्रथिन हजारो परक्या प्रथिनांच्या सोबत असते. जुन्या पद्धतीत अमोनियम सल्फेटने साका काढणे, मग विद्युतभारानुसार वेगळे करणे, मग आकारमानानुसार वेगळे करणे असे टप्पे एकामागून एक घ्यावे लागत. प्रत्येक टप्प्यावर थोडे प्रथिन हातचे जाई, आणि एका प्रथिनासाठी बसवलेली रीत दुसऱ्याला लागू पडेलच असे नसे. टॅगमुळे, म्हणजे प्रथिनाला जोडलेल्या शेपटीमुळे, हा प्रश्न मुळातूनच बदलला. जनुकात थोडी अक्षरे वाढवून प्रथिनाच्या एका टोकाला ठरावीक अमिनो आम्लांची शेपटी जोडली, की प्रथिन कोणतेही असो, धरायची जागा तीच राहते आणि धरणारा हातही तोच राहतो.

या शेपट्यांपैकी सर्वांत अधिक वापरली जाणारी शेपटी सहा हिस्टिडिनांची आहे; हिस्टिडिन हे एक अमिनो आम्ल. तिच्या मुळाशी असलेली कल्पना स्वीडनमधील येर्कर पोराथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली मांडली: धातूचे आयन एखाद्या आधारद्रव्यावर अडकवून ठेवले, तर ज्या प्रथिनांच्या पृष्ठभागावर हिस्टिडिन उघडे असते ती प्रथिने त्या धातूला धरून राहतात. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात हॉफमन-ला रोश या कंपनीतील संशोधकांनी निकेलला घट्ट पकडणारा एनटीए हा रेणू वापरात आणला आणि त्याला हिस्टिडिनांच्या शेपटीची जोड दिली. निकेलच्या आयनाला सहा बंध करता येतात. त्यांपैकी चार एनटीए व्यापतो आणि दोन जागा हिस्टिडिनांसाठी मोकळ्या राहतात. हिस्टिडिनच्या वलयातला नायट्रोजन आपली इलेक्ट्रॉनांची जोडी निकेलला देतो, एवढाच त्या पकडीचा आधार आहे. प्रथिन सोडवायचे असेल तेव्हा त्याच वलयाचा सुटा रेणू, म्हणजे इमिडॅझोल, भरपूर प्रमाणात ओततात. धुताना साधारण २० मिलिमोलर आणि सोडवताना साधारण २५० मिलिमोलर. गर्दी वाढली की सुटे रेणू निकेलवरच्या जागा बळकावतात आणि शेपटी सुटते. द्रावण आम्लधर्मी केले तरी हेच घडते, कारण वलयाला प्रोटॉन चिकटल्यावर निकेलला द्यायला जोडीच उरत नाही. सहा हिस्टिडिनांचे वजन एक किलोडाल्टनहूनही (किलोडाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) कमी भरते, आणि तीव्र युरियात प्रथिनाची घडी पूर्ण उलगडलेली असतानाही ही पकड काम करते. शेपटी इतकी लोकप्रिय का झाली हे यावरून लक्षात येते.

या पकडीचे रसायन मला पुस्तकापेक्षा एका वाया गेलेल्या दिवसाने अधिक नीट शिकवले. निकेल भरलेले रेझीन, म्हणजे एनटीए अडकवलेले आधारद्रव्य, कॉलमच्या नळीत फिकट निळे दिसते. संशोधनाच्या पहिल्या वर्षी मी पेशी फोडताना प्रथिने कुजू नयेत म्हणून प्रथिने तोडणाऱ्या प्रोटीएजांना रोखणारी तयार गोळी द्रावणात टाकली, ते द्रावण कॉलमवर चढवले, आणि पाहता पाहता कॉलम वरून खालपर्यंत पांढरा पडत गेला. त्या गोळीत ईडीटीए होते आणि ईडीटीए निकेलच्या सहाही जागा एकट्याने व्यापू शकते. त्याने एनटीएच्या हातातले निकेल काढून घेतले आणि चार दिवस वाढवलेले सगळे प्रथिन शेपटीसकट खाली वाहून गेले. सुदैवाने मी खाली आलेला द्रव फेकून दिला नव्हता. ईडीटीए काढून टाकण्यासाठी तो दोन रात्री बदलत्या बफरमध्ये ठेवला, रेझीनवर पुन्हा निकेल चढवले, आणि निम्म्याहून थोडे अधिक प्रथिन परत मिळाले. तेव्हापासून माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते की कॉलमचा रंग हे आपले पहिले मोजमाप आहे: पांढरा पडला तर निकेल गेले, आणि तपकिरी झाला तर द्रावणात डीटीटीसारखे क्षपणकारक द्रव्य जास्त झाले आहे.

निकेलचे आणखी एक वैगुण्य असे, की ई. कोलायच्या स्वतःच्या काही प्रथिनांतही हिस्टिडिन दाटीने असते. त्यांपैकी स्लायडी नावाचे प्रथिन तर जेलवर, म्हणजे प्रथिने वजनानुसार पट्ट्यांत वेगळी करणाऱ्या थरावर, इतक्या नेमाने दिसते की अनुभवी माणूस त्याचा पट्टा लांबूनच ओळखतो. इतर शेपट्या अधिक निवडक आहेत. ग्लुटाथायोन-एस-ट्रान्सफरेज हे सुमारे २६ किलोडाल्टनचे आणि माल्टोज-बंधक प्रथिन हे सुमारे ४२ किलोडाल्टनचे, म्हणजे त्यांना शेपटी न म्हणता सोबत बांधलेले दुसरे प्रथिनच म्हणायला हवे. माल्टोज-बंधकाचा मोठा गुण असा, की घडी बिघडून गाळ होणारी कित्येक प्रथिने त्याच्या संगतीत विद्राव्य राहतात, आणि शेवटी साधे माल्टोज ओतून त्याला सोडवता येते. आठ अमिनो आम्लांची स्ट्रेप-टॅग फार स्वच्छ काम करते, पण तिचे रेझीन महाग आहे. माझे मत विचाराल तर शिकणाऱ्याने हिस्टिडिनपासूनच सुरुवात करावी, आणि प्रथिन गाळात जात असेल तरच मोठ्या जोडीदाराचा विचार करावा.

इथपर्यंतचे सगळे शुद्धीकरणाविषयी झाले. शुद्धीकरणात धरणे जितके महत्त्वाचे, तितकेच वेळ येताच सोडणेही महत्त्वाचे असते. काम झाल्यावर शेपटी कापून टाकण्यासाठीही टीईव्ही नावाचे प्रोटीएज वापरतात, जे ठरावीक सात अमिनो आम्लांची ओळ ओळखून तिथेच छेद देते. पण प्रथिन एखाद्या पदार्थावर बसवायचे असेल, म्हणजे मण्यावर, चिपवर, पडद्यावर किंवा कापडावर, तर सोडून न देणारी पकड हवी असते. हा फरक मला फार उशिरा उमगला. शुद्धीकरणाला चांगली असलेली शेपटी बसवण्यालाही चांगली असेल असे मी गृहीत धरले होते, आणि त्या गृहीतकाची किंमत एका वर्षाच्या कामाने मोजली.

विकरे, म्हणजे एन्झाइम, घन पदार्थावर बसवण्याचा इतिहास बराच जुना आहे, आणि आम्हा साखरेच्या प्रदेशातल्या लोकांना जवळचा वाटावा असाही आहे. १९१६ साली नेल्सन आणि ग्रिफिन यांनी दाखवले की इन्व्हर्टेज हे विकर कोळशावर चिकटवले तरी ते साखरेचे विघटन करत राहते. १९६९ साली जपानच्या तानाबे सेइयाकू कंपनीत इचिरो चिबाता यांच्या गटाने आधारद्रव्यावर बसवलेले अमिनोअसायलेज कारखान्यात वापरायला सुरुवात केली, आणि बसवलेल्या विकराचा तो पहिला औद्योगिक वापर मानला जातो. या सगळ्यामागचा हेतू साधा आहे: विद्राव्य विकर एकदा वापरले की ते मालातच मिसळून जाते, पण बसवलेले विकर मागे राहते आणि पुन्हा पुन्हा वापरता येते.

बसवण्याची सोपी आणि स्वस्त रीत म्हणजे ग्लुटारल्डिहाइड. या रेणूची दोन्ही टोके क्रियाशील असतात. एक टोक मण्यावरच्या अमिनो गटाला आणि दुसरे प्रथिनातल्या लायसिन या अमिनो आम्लाला जोडले जाते. अडचण अशी की एकेका प्रथिनाच्या पृष्ठभागावर लायसिने डझनांनी असतात आणि ग्लुटारल्डिहाइड त्यांच्यात निवड करत नाही. मी याच पद्धतीने इन्व्हर्टेज बसवलेले मणी तयार केले तेव्हा प्रथिन भरपूर बसले होते, धुतलेल्या पाण्यात जवळजवळ काहीच निघत नव्हते, आणि तरीही क्रियाशीलता विद्राव्य विकराच्या मानाने फारच थोडी उरली होती. काही रेणू कडेवर बसले होते, काही अनेक जागी बांधले जाऊन आखडले होते, आणि ज्यांचे क्रियाकेंद्र, म्हणजे विकराचे काम जिथे होते ती जागा, मण्याच्या बाजूला वळले होते त्यांच्यावर कितीही साखर ओतली तरी ते पालथ्या घड्यावर पाणीच होते. प्रथिन किती बसले हे मोजणे सोपे असल्यामुळे आपण तेच मोजतो आणि समाधान मानतो. किती रेणू उताणे आणि किती पालथे बसले हे मोजायला हवे, असे मला आता ठामपणे वाटते.

शेपटीचे खरे मोल इथे कळते. शेपटी प्रथिनाच्या एकाच टोकाला असते, त्यामुळे प्रत्येक रेणू त्याच टोकाने पृष्ठभागाला लागतो आणि क्रियाकेंद्र दुसऱ्या बाजूला असेल तर ते मोकळे राहते. शेपटी कोणत्या टोकाला लावायची हा निर्णय म्हणूनच प्रथिनाची त्रिमितीय रचना समोर ठेवून घ्यावा लागतो, आणि शेपटी व प्रथिन यांच्यामध्ये ग्लायसिन-सेरिन यांसारख्या लवचिक अमिनो आम्लांचा दुवा ठेवावा लागतो. दुवा फार आखूड ठेवला तर शेपटी प्रथिनाच्या अंगाआड दबते, आणि फार लांब ठेवला तर पेशीतली प्रोटीएजे तो मधेच तोडतात.

मग निकेलच्याच मण्यांवर हिस्टिडिनची शेपटी ठेवून द्यावी असे मला वाटले, कारण शुद्धीकरण होताक्षणी प्रथिन जागेवर बसलेले असतेच. पहिले काही दिवस ते टिकलेही. पण ही पकड मुळातच सुटण्यासाठी निवडलेली आहे. सतत द्रव वाहत राहिला की एकेक रेणू सुटून पुढे जातो, द्रव किंचित आम्लधर्मी झाला की अधिक सुटतात, आणि द्रवात धातूला धरणारे काही असेल तर निकेलही जाते. खाद्यपदार्थाच्या जवळपास निकेल नकोच, हेही खरे.

पक्क्या पकडीचे एक जुने आणि प्रसिद्ध उदाहरण म्हणजे बायोटिन हे जीवनसत्त्व आणि त्याला धरणारे स्ट्रेप्टाव्हिडिन हे प्रथिन. सहसंयुज बंध नसलेल्या जोड्यांमध्ये इतकी घट्ट जोडी निसर्गात क्वचित आढळते. पंधरा अमिनो आम्लांची शेपटी प्रथिनाला लावली की ई. कोलायचेच बीआयआरए नावाचे विकर तिच्यातल्या एकाच लायसिनवर बायोटिन चढवते, त्यामुळे प्रथिनाची दिशाही राखली जाते. चाचणी-संचांसाठी ही जोडी उत्तम आहे, पण स्ट्रेप्टाव्हिडिन लावलेला पृष्ठभाग विकत घेऊन साखरेच्या द्रावणाचे पिंप त्यावरून सोडणे परवडणारे नाही.

दुसरी एक जोडी आहे जिच्याविषयी लिहिताना मला आजही पहिल्यांदा वाचले तेव्हाचा आनंद आठवतो. स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनेस या जिवाणूच्या पृष्ठभागावरील एका प्रथिनाचा एक भाग स्वतःच्याच आत लायसिन आणि ॲस्पार्टिक आम्ल यांच्यात सहसंयुज बंध तयार करतो आणि त्यामुळे अतिशय मजबूत होतो. ऑक्सफर्डमधील मार्क हॉवर्थ यांच्या गटाने तो भाग दोन तुकड्यांत विभागला: ॲस्पार्टिक आम्ल असलेला तेरा अमिनो आम्लांचा तुकडा म्हणजे स्पायटॅग, आणि लायसिन असलेला मोठा तुकडा म्हणजे स्पायकॅचर. हे काम २०१२ साली प्रसिद्ध झाले. दोन तुकडे वेगवेगळ्या प्रथिनांना लावून एकत्र मिसळले की काही मिनिटांत ते एकमेकांना शोधतात आणि पूर्वीसारखाच सहसंयुज बंध करतात. त्यासाठी वेगळे विकर लागत नाही, ऊर्जेचा रेणू लागत नाही, आणि डिटर्जंटमध्ये उकळले तरी ती जोड सुटत नाही. जेलवर दोन पट्टे नाहीसे होऊन त्यांच्या वजनांच्या बेरजेइतका एकच पट्टा वर उमटलेला पाहताना विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर जे दिसते, त्यासाठी हा प्रयोग दरवर्षी करावा असे मला वाटते. मात्र स्पायटॅग प्रथिनाला प्रथिनाशी जोडते. प्रथिनाला पदार्थाशी जोडायचे तर स्पायकॅचर आधी त्या पदार्थावर बसलेले असले पाहिजे. मूळ प्रश्न तिथेच राहिला.

त्याचे उत्तर मला पदार्थाच्या बाजूने विचार केल्यावर मिळाले. आपल्याकडे स्वस्त, निर्धोक आणि मुबलक असा कोणता पदार्थ आहे, हा प्रश्न कोल्हापुरात बसून विचारला तर उत्तरासाठी फार दूर जावे लागत नाही. एकीकडे उसाचे चिपाड, जे गुऱ्हाळाच्या चुलवाणात आणि कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळते, आणि दुसरीकडे इचलकरंजीचे सुती कापड. दोन्हींचा गाभा सेल्युलोज आहे, आणि सेल्युलोजला धरणारी शेपटी निसर्गाने आधीच घडवून ठेवली आहे. क्लॉस्ट्रिडियम थर्मोसेलम या उष्णताप्रिय जिवाणूवर काम करताना एड बायर आणि रफाएल लामेड यांना १९८३ साली सेल्युलोज पचवणाऱ्या विकरांचा एक मोठा जुडगा सापडला, ज्याला सेल्युलोसोम म्हणतात. त्या जुडग्याला सेल्युलोजवर खिळवून ठेवणारा सुमारे १७ किलोडाल्टनचा भाग म्हणजे सीबीएम-३ए (सीबीएम म्हणजे कर्बोदकाला धरणारा प्रथिनाचा भाग). त्याची एक बाजू सपाट असते आणि तिच्यावर ट्रिप्टोफॅन, टायरोसिन, हिस्टिडिन यांची वलये अशा अंतराने ओळीत असतात की ती सेल्युलोजच्या साखळीतल्या ग्लुकोजच्या वलयांवर चपखल टेकतात. ही पकड मिठाच्या पाण्याने सुटत नाही. इथिलीन ग्लायकॉलसारखे द्रव्य वापरले तरच ती सैल होते. यांच्याच भाऊबंदांपैकी काही सीबीएम सेल्युलोजवर बसल्यानंतरही पृष्ठभागावरून इकडेतिकडे सरकतात, पण पृष्ठभाग सोडत नाहीत, असेही १९९७ साली दाखवले गेले आहे. बसलेले असूनही हलू शकणे, ही विकरासाठी मला फार मोलाची गोष्ट वाटते.

याहून महत्त्वाचे असे की ई. कोलायच्या स्वतःच्या प्रथिनांना शुद्ध सेल्युलोजचे फारसे आकर्षण नसते. पेशी फोडून गाळलेला द्रव सरळ सेल्युलोजवर ओतला तर सीबीएमची शेपटी असलेले प्रथिन तिथे थांबते आणि बाकीची निघून जातात. त्याला सोडवायचीही गरज नसते, कारण ज्या पदार्थावर ते शुद्ध झाले त्याच पदार्थावर ते वापरायचे असते. निकेल नको, इमिडॅझोल नको, आयात केलेले रेझीन नको.

मी आधी चिपाडावर प्रयत्न केला आणि तो फसला. चिपाडात सेल्युलोज साधारण ४० ते ५० टक्के असते, पण त्याबरोबर लिग्निनही भरपूर असते, आणि लिग्निन कोणत्याही प्रथिनाला भेदभाव न करता धरून ठेवते. जेलवर माझ्या प्रथिनाबरोबर ई. कोलायची अर्धी वसाहत उमटली. अल्कलीने आणि नंतर ब्लीच करून लिग्निन काढले, उरलेला लगदा थंड तीव्र फॉस्फरिक आम्लात विरघळवून बर्फाच्या पाण्यात ओतला, तर त्याचा फुगलेला, जेलीसारखा सेल्युलोज मिळतो, ज्याची धारणक्षमता फार चांगली असते. पण तोवर स्वस्ताईचा मुद्दा त्या आम्लात आणि ते धुण्याच्या पाण्यात विरघळून गेला होता. चिपाडाचा नाद मी सोडलेला नाही, इतकेच सांगते.

कापडाचे श्रेय मात्र माझ्या चुलत्यांचे आहे. तात्यांनी इचलकरंजीत तीस-बत्तीस वर्षे यंत्रमाग चालवले. त्यांच्याकडून मी मागावरून उतरलेले मीटरभर कापड आणले, त्याच्या पट्ट्या कापल्या आणि सीबीएमची शेपटी लावलेले जीएफपी, म्हणजे निळ्या प्रकाशात हिरवे चमकणारे जेलीफिशचे प्रथिन, त्यांच्यावर ओतले. चमक आली, पण ती ठिपक्याठिपक्यांची होती, आणि दोन धुण्यांत जवळजवळ गेली. पुढच्या रविवारी ती पट्टी मी तात्यांना दाखवली. त्यांनी कापड बोटांत चोळले आणि म्हणाले, “अगं, हे कोरं कापड हाय. खळ धुतल्याबिगर ह्येला रंगबी धरत न्हाई, तुझं प्रथिन काय धरणार?”

माझ्या ते ध्यानातच आले नव्हते. ताण्याचा धागा मागावर तुटू नये म्हणून त्याला खळ दिलेली असते. तिच्यात स्टार्च असतो, आता अनेकदा पीव्हीए हे कृत्रिम चिकट द्रव्यही असते, आणि कापसाचे स्वतःचे मेण व पेक्टिन तर धाग्यावर असतेच. माझे प्रथिन सेल्युलोजपर्यंत पोहोचलेच नव्हते. ते खळीवर बसले होते आणि खळीबरोबर वाहून गेले. “तात्या, मग तुमच्याकडं खळ कशानं काढत होते?” असे विचारले तेव्हा त्यांनी प्रोसेसवाले एन्झाइम टाकतात असे सांगितले, आणि ते अमायलेज असते हे मी वर्गात कित्येक वेळा शिकवलेले होते. कापड अमायलेजने आणि नंतर सौम्य अल्कलीत उकळून धुतले, आणि त्यात पॉलिस्टर मिसळलेले नाही याची खात्री करून घेतली, कारण सीबीएमची पकड सेल्युलोजसाठी घडलेली आहे. त्यानंतर ओतलेले जीएफपी एकसारखे पसरले. बाजारातले शुभ्र कापड वापरणाऱ्यांना एक सूचना इथेच करून ठेवते: त्यात टिनोपॉलसारखी पांढरेपणा वाढवणारी द्रव्ये असतात आणि ती अतिनील दिव्याखाली स्वतःच चमकतात. म्हणून निळा दिवा आणि पिवळी काच वापरावी, आणि प्रथिन न लावलेली एक पट्टी नेहमी शेजारी ठेवावी.

नवी पट्टी तात्यांच्या समोर नळाखाली धरली. “धुतल्यावर ऱ्हातंय काय गं?” हा त्यांचा एकच प्रश्न होता. साध्या पाण्याने, मिठाच्या पाण्याने आणि पुन्हा साध्या पाण्याने धुतल्यावरही ती अंधारात हिरवी दिसत राहिली, आणि तात्यांनी ती खिडकीशी नेऊन उलटसुलट करून पाहिली.

जीएफपी हे दिसावे म्हणून वापरले. कामाचे प्रथिन इन्व्हर्टेज आहे. ते थर्मोटोगा मॅरिटिमा या उष्णताप्रिय जिवाणूचे घेतले आहे, म्हणजे गरम द्रावणातही ते टिकते आणि थर्मोसेलमच्या सीबीएमशी त्याचा स्वभावही जुळतो. सुक्रोजचे द्रावण त्यातून जाणाऱ्या ध्रुवित प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळवते; या वळण्याला घूर्णन म्हणतात, आणि सुक्रोजचे विशिष्ट घूर्णन अधिक ६६.५ अंश आहे. विघटनातून येणाऱ्या फ्रुक्टोजचे घूर्णन उणे बाजूला इतके मोठे असते की मिश्रणाचे एकूण घूर्णन डावीकडे उलटते. इन्व्हर्टेज हे नाव त्यावरूनच पडले. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रोज ‘पोल’, म्हणजे साखरेचे प्रमाण दाखवणारा आकडा, पाहिला जातो तो याच तत्त्वावरच्या यंत्रात, आणि मिखाएलिस व मेंटेन यांनी १९१३ साली आपले प्रसिद्ध समीकरण मांडले तेही इन्व्हर्टेजच्या क्रियेत हेच घूर्णन मोजून. कारखान्याला अर्थातच हे उलटणे नको असते, कारण तिथे ते साखरेचे नुकसान आहे. काकवी करणाऱ्याला मात्र थोडे हवे असते, कारण ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वाढले की काकवीत खडे धरत नाहीत. आज मी फक्त शुद्ध सुक्रोजच्या द्रावणावर काम करते आहे; खाण्याच्या वस्तूला जनुकीय बदल करून मिळवलेले विकर लावायचे तर त्याच्या परवानग्यांचा आणि सुरक्षिततेच्या तपासण्यांचा रस्ता वेगळा आहे, आणि तो टाळून बोलणे मला योग्य वाटत नाही. कापडावरचे विकर विरघळलेल्या साखरेपर्यंतच पोहोचते हीदेखील त्याची मर्यादा आहे. तात्यांनी विचारले होते की असेच अमायलेज बसवून खळ काढता येईल का, तर नाही, कारण एका कापडावर बांधलेले विकर दुसऱ्या कापडाच्या धाग्यांत शिरू शकत नाही.

पट्टी विकर सोडते की धरून ठेवते याची माझ्या मते सर्वांत प्रामाणिक चाचणी अशी: क्रिया अर्ध्यावर असताना पट्टी द्रावणातून उचलून घ्यायची आणि उरलेल्या द्रवाचे घूर्णन मोजत राहायचे. आकडा थांबला तर विकर पट्टीबरोबर बाहेर गेले. सरकत राहिला तर ते द्रवात सुटले आहे. प्रथिन मोजण्याच्या रंगचाचणीत न दिसणारी गळतीही इथे उघडी पडते, कारण सुटलेला प्रत्येक रेणू काम करत राहून स्वतःची खबर देतो. पन्नास अंशांवर आमच्या पट्ट्यांच्या बाबतीत आकडा जागच्या जागी थांबला. सत्तर अंशांवर मात्र पहिल्या दोन वेळा थांबला आणि तिसऱ्या वेळी, पट्टी उचलल्यावरही, हळूहळू सरकत राहिला.

माझ्या विद्यार्थिनीने त्यावर विचारले, “मॅडम, एका सीबीएमऐवजी दोन लावले तर?” एक सुटले तरी दुसरे धरून राहील आणि तेवढ्यात पहिले पुन्हा बसेल, हा तिचा तर्क बरोबर आहे, पण त्याने शेपटी चौतीस किलोडाल्टनच्या घरात जाईल आणि ई. कोलायला ती नीट घडवता येईल का, हा प्रश्न उरतो. दोन्ही सीबीएममध्ये किती लांबीचा दुवा ठेवायचा यावर आमचे अजून एकमत झालेले नाही, म्हणून आखूड आणि लांब अशा दोन्ही रचना मागवल्या आहेत. तात्यांनी दरम्यान आणखी दोन मीटर कापड पाठवले आहे, या वेळी खळ धुऊन.